ड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं? डिस्कच्या नोंदी दुरुस्त कशा करतात?

लग्नाचे फोटो असलेली हार्ड डिस्क बऱ्याच महिन्यांनी कॉम्प्युटरला लावली आणि स्क्रीनवर सूचना आली, ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. फॉरमॅट करायचा का?’ अशा वेळी अनेकांना वाटतं की सगळं गेलं. काही जण घाईघाईत ‘हो’ दाबतात, तर काही जण गल्लीतल्या दुकानात डिस्क देऊन मोकळे होतात.

खरं तर या सूचनेचा अर्थ ‘डिस्क रिकामी आहे’ असा नसतो. ‘या डिस्कवर काय कुठे ठेवलंय ते मला वाचता येत नाहीये’ एवढंच कॉम्प्युटर सांगत असतो. फोटो बहुतेक वेळा जागच्या जागी असतात, बिघडलेली असते ती त्यांची नोंद. या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. त्या कुठे असतात, कशा बिघडतात आणि दुरुस्त करताना कोणता क्रम पाळावा, ते पाहू.

मेटाडेटा म्हणजे डिस्कचा सातबारा

शेत जमिनीवर असतं आणि त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात. दप्तर भिजलं म्हणून शेत वाहून जात नाही. पण कोणता तुकडा कुणाचा आणि त्याची हद्द कुठपर्यंत, हे सांगता येत नाही. डिस्कचंही तसंच आहे. फोटो, व्हिडिओ, हिशेबाच्या फाइली म्हणजे जमीन. फाइलचं नाव, आकार, तारीख आणि ती डिस्कवर कोणकोणत्या जागी पसरली आहे ही माहिती म्हणजे सातबारा.

डिस्कवर हे दप्तर एकाच ठिकाणी नसतं. त्याचे साधारण चार थर असतात.

१. पार्टिशन टेबल. डिस्कचे किती भाग आहेत आणि कोणता भाग कुठून कुठपर्यंत, याचा हा नकाशा. जुन्या एमबीआर पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असतो. त्या ५१२ बाइटपैकी ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार भागांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी राखलेले असतात. म्हणजे एवढे ६४ बाइट पुसले गेले तरी पूर्ण डिस्क रिकामी दिसू शकते.

२. बूट सेक्टर किंवा सुपरब्लॉक. प्रत्येक भागाचं, म्हणजे व्हॉल्यूमचं, हे पहिलं पान. फाइल सिस्टिम कोणती, जागेचे तुकडे किती मोठे, मुख्य नोंदवही कुठे सुरू होते, हे इथे लिहिलेलं असतं. हे पान वाचता आलं नाही की विंडोज त्या व्हॉल्यूमला ‘रॉ’ म्हणतं आणि फॉरमॅटची सूचना दाखवतं.

३. फाइलींची नोंदवही. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर फाइल अलोकेशन टेबल, म्हणजे फॅट, असतं. लिनक्समध्ये आयनोड असतात.

४. जर्नल. सातबाऱ्यावर बदल होण्याआधी तो फेरफार नोंदवहीत लिहिला जातो, त्याच धर्तीची ही वही. ‘अमुक बदल करणार आहे’ असं आधी इथे लिहायचं आणि मग मूळ नोंद बदलायची. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ही वही वाचून अर्धवट काम पूर्ण करता येतं किंवा रद्द करता येतं. एनटीएफएस आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये जर्नल असतं. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये नसतं. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्यांची कार्डं लवकर बिघडतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

नोंदी बिघडतात कशा?

- लिहिणं चालू असताना ड्राइव्ह काढणं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग आहे. पण कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढला तर ती सेटिंगही वाचवू शकत नाही.
- अचानक वीज जाणं. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे नेहमीचंच.
- डिस्क झिजणं. नोंदवहीची जागा सतत लिहिली-वाचली जाते. नेमका तिथला सेक्टर खराब झाला तर बाकी सगळी डिस्क धडधाकट असूनही उघडत नाही.
- खोट्या क्षमतेचे पेन ड्राइव्ह. लेबलवर ५१२ जीबी, आत प्रत्यक्षात ३२ जीबी. खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच साठत नाही किंवा आधीच्या डेटावर लिहिला जातो, आणि नोंदी कोलमडतात. इथे मात्र फाइली खरोखरच गेलेल्या असतात.
- माणसाची चूक. विंडोज नव्याने टाकताना भलताच भाग निवडणं, किंवा डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करायची का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं.

दिलासा देणारी गोष्ट : नक्कल आधीच केलेली असते

या नोंदी नाजूक आहेत हे फाइल सिस्टिम बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून बहुतेक पद्धतींमध्ये महत्त्वाच्या पानांची दुसरी प्रत डिस्कवरच, पण दूर कुठेतरी ठेवलेली असते. दुरुस्तीचा बराचसा खेळ ही प्रत शोधून जागेवर बसवण्याचाच आहे.

- जीपीटी (एमबीआरची जागा घेणारी नवी पार्टिशन पद्धत) : मुख्य नोंद डिस्कच्या सुरुवातीला, दुसरी प्रत अगदी शेवटी. दोन्हींसोबत पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे कोणती प्रत बिघडली ते कळतं.
- एनटीएफएस : बूट सेक्टरची प्रत व्हॉल्यूमच्या शेवटच्या सेक्टरमध्ये. मास्टर फाइल टेबलच्या पहिल्या काही नोंदींची प्रत वेगळ्या ‘मिरर’ फाइलमध्ये.
- फॅट३२ : बूट सेक्टरची प्रत साधारणपणे सहाव्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये. फाइल अलोकेशन टेबलच्या सहसा दोन प्रती.
- एक्सफॅट : पहिले १२ सेक्टर मुख्य, पुढचे १२ सेक्टर त्यांची नक्कल.
- ईएक्सटी४ : सुपरब्लॉकच्या अनेक प्रती डिस्कभर विखुरलेल्या. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत सहसा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये सापडते.
- मॅकची जुनी एचएफएस प्लस : व्हॉल्यूमच्या माहितीचं पान सुरुवातीपासून १०२४ बाइटवर, त्याची प्रत शेवटापासून १०२४ बाइटवर.

एक मेख मात्र आहे. एनटीएफएसचा मिरर पूर्ण नोंदवहीचा नसतो, फक्त पहिल्या मोजक्या नोंदींचा असतो. शिवाय काहीशे बाइटची छोटी फाइल एनटीएफएस वेगळ्या जागी न ठेवता थेट नोंदवहीतच ठेवतं. त्यामुळे नोंदवहीचं पान गेलं तर अशा फाइलचा मजकूरही त्याच्यासोबत जातो.

‘दुरुस्ती’ आणि ‘फाइली परत मिळवणं’ या दोन वेगळ्या गोष्टी

इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. विंडोजचं चेकडिस्क, लिनक्सचं एफएससीके, मॅकचं फर्स्ट एड ही साधनं नोंदी एकमेकींशी जुळवण्यासाठी बनवलेली आहेत. तुमचे फोटो वाचवणं हे त्यांचं काम नाही.

ईएक्सटी४ तपासताना काय घडतं ते पाहिलं की हे लक्षात येतं. तपासणी पाच फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत प्रत्येक फाइलची नोंद आणि तिने व्यापलेली जागा तपासली जाते. दुसऱ्या फेरीत फोल्डरांची रचना, तिसऱ्यात प्रत्येक फोल्डर मुख्य फोल्डरपर्यंत पोचतं का ते, चौथ्यात एका फाइलकडे किती नावं बोट दाखवतात त्याची मोजणी आणि पाचव्यात मोकळ्या व भरलेल्या जागेचा ताळेबंद. ज्या फाइलचं नाव सापडत नाही ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकाने ठेवली जाते. विंडोजमध्ये असेच तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये जमा होतात.

आता समजा, एकाच जागेवर दोन फाइली हक्क सांगत आहेत. साधनाला यातून काहीतरी निकाल द्यावाच लागतो. नोंद अगदीच विस्कटलेली असेल तर ते ती काढूनही टाकतं. त्यामुळे चेकडिस्क चालवल्यावर डिस्क ‘दुरुस्त’ होते, उघडते, आणि आत निम्मी फोल्डरं नसतात. साधनाने त्याचं काम चोख केलेलं असतं, फक्त ते काम तुम्हाला हवं होतं ते नव्हे.

म्हणून नियम सोपा आहे : आधी डेटा बाहेर काढा, मग नोंदी दुरुस्त करा. बॅकअप हाताशी असेल तरच हा क्रम बदलायला हरकत नाही.

योग्य क्रम, पायरी पायरीने

पायरी १ : लिहिणं थांबवा. फॉरमॅट किंवा इनिशिअलाइझ करण्याच्या सूचनेला ‘नाही’ म्हणा. त्या ड्राइव्हवर नवी फाइल टाकू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर बसवू नका. बिघडलेली डिस्कच कॉम्प्युटरची मुख्य डिस्क असेल तर कॉम्प्युटर बंद करा. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून किंवा यूएसबीवरून लिनक्स सुरू करून पुढचं काम करा.

पायरी २ : साधी कारणं आधी तपासा. दुसरी केबल, दुसरा यूएसबी पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर वापरून पाहा. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि तेही फॉरमॅट करा असंच सुचवतं, यात बिघाड काहीच नसतो. काही अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्ड फोनच्या अंतर्गत साठ्याचा भाग म्हणून वापरता येतं. असं कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि फक्त त्याच फोनमध्ये वाचलं जातं.

पायरी ३ : बिघाड नोंदीत आहे की यंत्रात, ते ओळखा. डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर आवाज येतोय, ती मध्येच गायब होते, क्षमता शून्य दाखवते, किंवा साधी यादी उघडायला कितीतरी मिनिटं लागतात? मग बिघाड यंत्रात आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या पद्धतीने ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. ‘रीअलोकेटेड’, ‘पेंडिंग’ आणि ‘अनकरेक्टेबल’ सेक्टर हे तीन आकडे पाहा. ते वाढत असतील तर डिस्क मरणपंथाला लागली आहे असं समजा.

पायरी ४ : पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या. फाइली कॉपी करणं वेगळं आणि पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जसंच्या तसं उतरवणं वेगळं. याला इमेज म्हणतात. लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम यासाठी उत्तम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतो आणि मग खराब भागाकडे वळतो. कुठपर्यंत काम झालं हे तो एका ‘मॅप’ फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. इमेज ठेवायला मूळ डिस्कपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. कोणती डिस्क ‘वाचायची’ आणि कोणती ‘लिहायची’ हे दोनदा तपासा. हा क्रम उलटला तर रिकामी डिस्क फोटोंवर लिहिली जाईल.

पायरी ५ : हरवलेला नकाशा शोधा. टेस्टडिस्क हा क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात माउस चालत नाही, बाण आणि एंटर वापरावे लागतात. इमेज उघडून ‘अ‍ॅनालाइझ’ आणि मग ‘क्विक सर्च’ निवडलं की तो पूर्वीच्या पार्टिशनच्या खुणा शोधतो. सापडलेल्या भागावर ‘पी’ दाबलं की आतल्या फाइलींची यादी दिसते. ही यादी दिसणं महत्त्वाचं, कारण भाग बरोबर ओळखल्याचा तोच पुरावा. फाइली दिसत असतील तर तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. ‘राइट’ हा पर्याय सगळ्यात शेवटी.

पायरी ६ : नोंदी सापडल्याच नाहीत तर. त्याच संचातला फोटोरेक हा प्रोग्रॅम नोंदींकडे बघतच नाही. तो डिस्कभर फाइलींच्या ओळखीच्या सुरुवाती शोधतो. प्रत्येक प्रकारची फाइल ठरावीक बाइटनी सुरू होते, त्यावरून ‘इथे जेपेग आहे, इथे पीडीएफ आहे’ हे कळतं. नाव फोटोरेक असलं तरी तो शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतो. मात्र फाइलींची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. तुकड्यातुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओही अनेकदा अर्धवट येतात.

पायरी ७ : आता दुरुस्ती. डेटा सुरक्षित झाल्यावरच मूळ डिस्कला हात लावा.

कोणत्या सिस्टिमवर काय वापरायचं?

विंडोज : व्हॉल्यूम ‘रॉ’ दिसत असेल तर चेकडिस्क चालतच नाही, तसा संदेश देऊन ते थांबतं. अशा वेळी टेस्टडिस्कच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात ‘बूट’ निवडा. मुख्य बूट सेक्टर खराब आणि नक्कल चांगली असं दिसलं तर ‘बॅकअप बीएस’ पर्याय नक्कल मूळ जागी बसवतो. व्हॉल्यूम ओळखला गेला की चेकडिस्क आधी कोणताही पर्याय न देता चालवा. तसं चालवलं की ते फक्त अहवाल देतं. ‘एफ’ पर्याय नोंदी दुरुस्त करतो. ‘आर’ पर्याय पूर्ण डिस्क वाचून खराब सेक्टर शोधतो, म्हणून झिजलेल्या डिस्कवर तो चालवू नका. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. बिटलॉकरची स्वतःची नोंद बिघडली असेल तर विंडोजमध्येच ‘रिपेअर बीडीई’ नावाचं साधन आहे, पण तेही कुलपाच्या किल्लीशिवाय काही करू शकत नाही.

लिनक्स : चालू, म्हणजे माउंट केलेल्या, व्हॉल्यूमवर दुरुस्ती कधीही चालवू नका. आधी ‘एन’ पर्यायाने नुसती तपासणी करा. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक खराब असेल तर ‘बी’ पर्यायाने नकलेचा ब्लॉक क्रमांक देता येतो. एक्सएफएसमध्ये आधी व्हॉल्यूम माउंट करून जर्नल वाचू द्या. जर्नल पुसणारा मोठा ‘एल’ पर्याय अगदी नाइलाज झाला तरच वापरा. बीटीआरएफएसचा ‘रिपेअर’ पर्याय तर जाणकाराच्या सल्ल्याशिवाय चालवूच नये असं तो बनवणारेच सांगतात.

मॅक : डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. फर्स्ट एड आधी प्रत्येक व्हॉल्यूमवर, मग कंटेनरवर आणि शेवटी पूर्ण डिस्कवर चालवा. २०१७ पासून आलेल्या एपीएफएसमध्ये जुनी नोंद पुसून त्याच जागी नवी लिहिली जात नाही. नवी नोंद वेगळ्या जागी लिहून मग तिकडे बोट दाखवलं जातं. त्यामुळे वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेली नोंद राहण्याची शक्यता कमी होते.

फॉरवर्ड होणारे सल्ले : खरं किती, खोटं किती?

‘क्विक फॉरमॅट करा, मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा.’ क्विक फॉरमॅट फक्त नवं दप्तर लिहितं, जुना डेटा बराचसा राहतो, हे खरं. पण नवं दप्तर जुन्याच्याच जागी लिहिलं जातं. म्हणजे जी थोडीफार नोंद वाचली होती तीही जाऊ शकते. एसएसडीवर तर फॉरमॅट करताना ‘ट्रिम’ हा आदेश जातो आणि डेटा कायमचा जाऊ शकतो. शिवाय विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्य लिहितं, त्यानंतर काहीच हाती लागत नाही.

‘हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवा.’ करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि नोंदींच्या बिघाडाचा थंडीशी काहीही संबंध नाही.

‘चेकडिस्क चालवल्याने नुकसान होत नाही.’ वर पाहिलं तसं, होऊ शकतं.

‘सॉफ्टवेअर पैसे भरून घेतलं तरच चालतं.’ तसं नाही. पैसे भरण्याआधी प्रोग्रॅम फाइलींची यादी आणि झलक दाखवतो का ते पाहा. झलक उघडत नसेल तर पैसे भरल्यावर ती फाइल उघडेलच याची खात्री नाही.

स्वतः करायचं थांबावं कधी?

डिस्क आवाज करत असेल, पाण्यात किंवा जमिनीवर पडली असेल, कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तर एकही प्रोग्रॅम चालवू नका. प्रत्येक मिनिटाला तिची अवस्था बिघडते. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेतच उघडली पाहिजे. दुकानात टेबलावर उघडलेली डिस्क पुढे प्रयोगशाळेलाही वाचवणं कठीण जातं. डिस्क देण्याआधी तीन प्रश्न विचारा : काम मूळ डिस्कवर करणार की इमेजवर? काही निघालं नाही तर किती पैसे? सापडलेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का? पहिल्याच प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर डिस्क परत घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

- ‘फॉरमॅट करा’ ही कॉम्प्युटरची सूचना आहे, निदान नव्हे. ‘नाही’ म्हणा.
- आधी इमेज, मग इमेजवरून फाइली, मग मूळ डिस्कची दुरुस्ती.
- दुरुस्त झालेल्या डिस्कवर लगेच भरवसा ठेवू नका. स्मार्टचे आकडे वाढत असतील तर ती बदला.
- महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. हा हिशेब सांभाळला तर वरच्या सातही पायऱ्यांची गरज पडत नाही. बिघडलेली डिस्क फॉरमॅट करून निवांत पुढच्या कामाला लागता येतं.